न्यास स्थापन करताना वकील कसा निवडावा

न्यास कोणत्या प्रकारचा करायचा हे ठरल्याशिवाय वकील शोधायला निघू नये. प्रकार बदलला की कायदा बदलतो, कचेरी बदलते आणि उपयोगी पडणारा वकीलही बदलतो. घरातल्या दिव्यांग मुलाची आपल्यामागे सोय व्हावी म्हणून आईवडिलांनी काढलेला न्यास हा खासगी न्यास असतो. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. त्यात घर किंवा जमीन घालायची असेल, तर लेखी दस्त करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नाहीतर मृत्युपत्रातून तो करता येतो. धर्मादाय आयुक्तांचा त्याच्याशी संबंध येत नाही. हे काम मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे करणाऱ्या दिवाणी वकिलाचे.

शाळा, रुग्णालय, मंदिर, वाचनालय, वृद्धाश्रम यांसाठी, म्हणजे समाजासाठी जे काढायचे, ते सार्वजनिक न्यासात मोडते आणि त्याला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागतो. पूर्वी या कायद्याच्या नावात 'मुंबई' होते. अनेक जुन्या न्यासांच्या घटनांमध्ये ते अजूनही तसेच आहे. न्यास निर्माण झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करण्याची जबाबदारी कलम १८ ने विश्वस्तांवर टाकली आहे. त्याच कामासाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थाही काढता येते. तिला किमान ७ सभासद लागतात आणि धर्मादाय हेतूची संस्था असल्यास तिला न्यास म्हणूनही नोंदणी घ्यावी लागते. म्हणून जुन्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन-दोन नोंदणी क्रमांक दिसतात. नुसत्या धर्मादाय न्यासाच्या क्रमांकाआधी 'ई' असते, संस्थेच्या क्रमांकाआधी 'एफ'. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी हा आणखी एक मार्ग. कोल्हापुरात तो फारसा वापरला जात नाही आणि ते काम सनदी लेखापाल व कंपनी सेक्रेटरी यांच्याकडे जाते, तेव्हा त्याचा विचार इथे नको.

न्यास आणि संस्था यांतला व्यवहारातला फरक थोडक्यात असा. न्यासात सत्ता विश्वस्तांकडे असते आणि मतदार नसतात. संस्थेत सभासद असतात, निवडणूक असते, वार्षिक सर्वसाधारण सभा असते आणि त्या सभेत भांडणही असते. कोल्हापूरच्या तालमी-मंडळांना हे सांगण्याची गरज नाही. इथे अध्यक्ष एक असतो आणि संस्थापक-अध्यक्ष पाच. (हशा)

काही वेळा न्यासाची गरजच नसते, आणि चांगला वकील हे पहिल्याच भेटीत सांगतो. आईच्या नावाने दरवर्षी एका मुलीला शिष्यवृत्ती द्यायची, एवढाच हेतू असेल तर विद्यापीठाकडे, महाविद्यालयाकडे किंवा एखाद्या जुन्या वाचनालयाकडे कायम ठेव ठेवता येते आणि तिच्या व्याजातून पारितोषिक दिले जाते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. दसरा चौकाभोवतीची, शाहू महाराजांच्या काळातली वसतिगृहे शतकाहून जुनी आहेत. असा ज्यांचा पाया आधीच भरला आहे त्यांच्या हाती रक्कम देणे, पाच विश्वस्त, बँक खाते, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि कचेरीतल्या फेऱ्या यांच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. न्यासाची नोंदणी फुकट मिळाली तरी न्यास चालवणे फुकट नसते.

गरज पक्की असेल तर पुढचा प्रश्न वकिलाचा. नोंदणीच्या अर्जासाठी वकील हवाच, असे कायदा म्हणत नाही. अर्ज, न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेबद्दल जागामालकाची ना-हरकत आणि पत्त्याचा पुरावा, एवढे कागद नीट असले तर विश्वस्त स्वतःही अर्ज करू शकतात. नोंदणी करून देणारे सल्लागारही गावोगाव आहेत. नमुना घटना घ्यायची, नाव-पत्ता बदलायचा, उद्देशांच्या रकान्यात बालवाडीपासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सगळे भरायचे आणि फाइल दाखल करायची, अशी त्यांची रीत असते. नोंदणी होते, बिघडते ते नंतर.

या व्याख्यानाचा सारा भर या 'नंतर'वर आहे. वकील निवडायचा तो न्यास नोंदवण्यासाठी न निवडता न्यासातला पहिला मृत्यू डोळ्यांसमोर ठेवून निवडावा. विश्वस्त मरतात, राजीनामे देतात, परदेशी जातात, एकमेकांशी बोलेनासे होतात. मंडळात असा कोणताही बदल झाला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत त्याची खबर धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. याला बदल अर्ज म्हणतात. कचेरीत सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकच्या, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर नवी नावे चढतात. उताऱ्यावर नावे जुनीच राहिली, तर बँक नव्या सह्या घेत नाही, अनुदानाचे प्रस्ताव अडतात, जमिनीचे व्यवहार थांबतात आणि कोणीतरी विरोधी अर्ज घेऊन उभा राहतो. ज्या वकिलाने हरकती घेतलेले बदल अर्ज शेवटपर्यंत चालवले आहेत, त्यालाच घटनेतले कोणते वाक्य पुढे गळ्याशी येते ते कळते.

एक उदाहरण पुरे. नमुना घटनेत साधारण तीन वाक्ये असतात. विश्वस्त मंडळ पाच जणांचे असेल. सभेची गणपूर्ती तीन असेल. जागा रिकामी झाल्यास उरलेले विश्वस्त सभा घेऊन ती भरतील. तिन्ही वाक्ये निर्दोष दिसतात. पंधरा-वीस वर्षांनी पाचांपैकी दोघे वारतात आणि त्यांच्या जागा भरायच्या राहून जातात, कारण दुखवट्याच्या सभेत हा विषय काढणे बरे दिसत नाही. मग तिसरा जातो. उरले दोन. दोघांची सभा गणपूर्तीअभावी भरत नाही, सभा भरत नाही म्हणून जागा भरत नाहीत, आणि जागा भरत नाहीत म्हणून गणपूर्ती कधीच होत नाही. न्यास जिवंत, खात्यात पैसे, इमारत उभी आणि सही करणारा कोणी नाही. मग कलम ४७ खाली विश्वस्त नेमून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. नोटिसा निघतात, हरकती येतात आणि वर्षे जातात. हे सारे टाळायला मसुद्यात एकच वाक्य पुरले असते: गणपूर्ती नसली तरी उरलेल्या विश्वस्तांना, मग तो एकटा का असेना, केवळ रिक्त जागा भरण्यापुरती सभा घेता येईल.

याच जातीच्या आणखी जागा आहेत. विश्वस्ताची मुदत किती, हे लिहिलेले नसते किंवा 'तहहयात' लिहिलेले असते. तहहयात नेमणुकांचा प्रश्न राज्यभर इतका वाढला की २०२५ मध्ये वटहुकूम काढून कायम विश्वस्तांची संख्या मंडळाच्या एक चतुर्थांशापर्यंत मर्यादित करण्यात आली. टाटा न्यासांच्या बातम्यांतून ते सर्वांना ठाऊक झाले. पाचांपैकी पाचही जण तहहयात नेमणारा जुना मसुदा आजही कोणी पुढे सरकवत असेल, तर त्या वकिलाकडे दुसऱ्यांदा जायचे कारण नाही. सभेची नोटीस कशी बजावायची, सलग किती सभांना गैरहजर राहिल्यास पद जाते, संस्थापकाच्या घरातल्यांच्या जागा किती, घटना बदलायची कशी, या सगळ्यांची उत्तरे मसुद्यात हवीत. संस्थेचे उद्देश बदलायचे तर १८६० चा कायदा दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मते मागतो. पहिल्या दिवशी उद्देश अघळपघळ किंवा फार अरुंद लिहिले की हा खटाटोप पुढच्या पिढीच्या माथी बसतो.

घाईत केलेला दस्त काय करतो, याचा मोठा दाखला ताईमहाराज प्रकरणात आहे. कोल्हापुराशी त्याचा संबंध असल्याने ते थोडे सविस्तर पाहणे योग्य. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले, आणि मृत्युपत्र झाले ते त्याच दिवशी. विश्वस्त म्हणून बाळ गंगाधर टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर आणि नागपूरकर पुढे आले. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा न झाला किंवा झालेला जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तजवीज होती. टिळक स्वतः एलएल.बी. होते, कायद्याचे वर्ग चालवत होते. विश्वस्त निवडण्यात बाबा महाराजांची चूक काढणे अवघड. पण टिळकांची राजद्रोहाच्या आरोपावरून अटक आणि जामिनावर सुटका ही त्याआधीच्या पंधरवड्यातलीच. सप्टेंबरात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे इस्टेटीला सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी मुख्य विश्वस्त तुरुंगात.

मुलगा झाला आणि दोन महिन्यांतच गेला. टिळक १८९८ मध्ये सुटून आले, कर्जात असलेल्या इस्टेटीचा खर्च त्यांनी आवळला आणि ताईमहाराजांशी बिनसले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. पुढे दोन महिन्यांच्या आत ताईमहाराजांनी पंडितांच्या कोल्हापूर शाखेतल्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज, जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांचा १९०२ चा निकाल, टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला, १९०३ मध्ये १८ महिन्यांची सक्तमजुरी, अपिलात ती ६ महिन्यांवर, आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटका. ताईमहाराज तोवर वारल्या होत्या. दत्तकाचा दिवाणी दावा १९०६ मध्ये पुण्यात टिळकांच्या बाजूने लागला, १९१० मध्ये ते मंडालेत असताना उच्च न्यायालयात फिरला, आणि २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका दिवशी झालेल्या दस्ताचा शेवट व्हायला १८ वर्षे गेली, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांपैकी बहुतेकांना त्याचा उपयोग झाला नाही.

कोल्हापुरात हे प्रकरण निघाले की सभागृहाचे दोन भाग पडतात आणि बोलणे वेदोक्त प्रकरणाकडे, म्हणजे शाहू महाराज विरुद्ध टिळक या वादाकडे वळते. (हशा) तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला वेगळा वक्ता हवा. न्यासापुरते पाहायचे तर दोनच गोष्टी घ्याव्यात. पहिली, विश्वस्त थोर आहे म्हणून दस्त कच्चा राहिला तरी चालेल, असे होत नाही. दुसरी, दस्त शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये.

वकील सापडतो कुठे? जाहिरातीत नाही. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाहीत. तेव्हा 'आठ दिवसांत ट्रस्ट, हमखास' असा फलक दिसला, तर तो लावणारा बहुधा सनदधारक वकील नसतो, आणि असलाच तर तिथे जाण्यात अधिकच धोका. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे धर्मादाय कार्यालयच. सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय कोल्हापुरात आहे, सुनावण्या खुल्या असतात आणि त्या दिवशीच्या प्रकरणांचा बोर्ड लावलेला असतो. एक सकाळ तिथल्या बाकावर काढली तरी पुष्कळ दिसते. कोणाचे नाव बोर्डावर पुन्हा पुन्हा आहे, पुकारा झाल्यावर कोण फाइल उघडून उभा राहतो आणि कोण तारीख मागतो, पक्षकाराला बाहेर आल्यावर काय झाले ते कोण समजावून सांगतो. गावातल्या जुन्या, तंटा नसलेल्या संस्थांच्या सचिवांना विचारणे हा दुसरा मार्ग. त्यांना 'तुमचा वकील कोण' असे न विचारता 'तुमचा शेवटचा बदल अर्ज किती दिवसांत मंजूर झाला' असे विचारावे. मिळालेल्या नावाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासता येते.

पहिल्या भेटीला जाताना विश्वस्तांची नावे, वये, सुरुवातीची रक्कम, जागेचे कागद आणि उद्देश एका पानावर आपल्या भाषेत लिहून न्यावेत. उद्देश वकिलाने लिहायचे नसतात. ते कायद्याच्या चौकटीत बसवणे एवढेच त्याचे काम. कलम ९ मध्ये गरिबी व आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोग असे धर्मादाय हेतू सांगितले आहेत, आणि एका पानावरचे बहुतेक काही त्यात बसते. वकील ते पान वाचून प्रश्न विचारू लागला तर योग्य दारी आल्याचे समजावे. न वाचता 'होऊन जाईल' म्हणाला, तर चहा घेऊन निघावे. मसुदा मराठीत मागावा. विश्वस्तांना वाचता न येणाऱ्या इंग्रजीतली घटना ही पुढच्या तंट्याची सोय असते.

सभागृहात वकीलवर्ग बराच दिसतो, म्हणून एक खुलासा इथे आवश्यक ठरतो. वरील विधाने वकिलांविरुद्ध नाहीत, फुकटच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्या विश्वस्तांविरुद्ध आहेत. फी वाचवण्यासाठी ओळखीच्या वकिलालाच कार्यकारिणीत किंवा विश्वस्त मंडळात घ्यायची पद्धत इकडे रूढ आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे, ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर वकील आहे तिच्यासाठी किंवा तिच्याविरुद्ध त्याने न्यायालयात उभे राहायचे नसते. म्हणजे वकील घरात घेतला आणि गरजेच्या दिवशी दुसरा शोधावा लागला. शिवाय मंडळात फूट पडली की तोही एका बाजूचा होतो. वकील बाहेरचाच ठेवावा, त्याला फी द्यावी आणि पावती घ्यावी. फी कामाच्या टप्प्यांवर ठरवावी: मसुदा, नोंदणी, हरकत आल्यास सुनावणी, पुढचे बदल अर्ज. निकालावर अवलंबून असलेली फी नियमांना मान्य नाही. कार्यालयात 'वरचा खर्च' म्हणून कोणी रक्कम मागितली तर तिथेच थांबावे. मूळ कागद देऊ नयेत. द्यावेच लागले तर यादी करून पोच घ्यावी. वकीलपत्रावर कोरी सही नको. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

वेळेची चिठ्ठी व्यासपीठावर पोचली असल्याने आयकराचा भाग आटोपता घ्यावा लागतो. न्यासाला करमाफी आणि देणगीदाराला सवलत मिळवून देणारी नोंदणी, जिला लोक अजूनही 'बारा-अ' आणि 'ऐंशी-जी' म्हणतात, ती धर्मादाय नोंदणीहून वेगळी असते आणि तिची मुदत संपते. आधी तात्पुरती, मग ठराविक वर्षांची, मग नूतनीकरण, अशी तिची आजची रचना आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडेही बदलले. हे काम सनदी लेखापालाचे. पण न्यासपत्रात उद्देश, निधीची गुंतवणूक आणि न्यास बंद झाल्यास मालमत्ता कोणत्या समान हेतूच्या न्यासाकडे जाईल, ही कलमे त्याला आधी दाखवून घ्यावीत. वकील आणि लेखापाल यांची एक बैठक सही करण्याआधी झाली तर पुढचा दुरुस्तीपत्राचा हेलपाटा वाचतो.

नोंदणीनंतर वकिलाशी संबंध संपत नाही. दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, शेतजमीन १० वर्षांहून किंवा इमारत व बिगरशेती जमीन ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. व्यवहार करून मग परवानगीला धावणाऱ्या विश्वस्तांना विश्वस्तपद गमावण्याची पाळी येऊ शकते. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काल्यात सुरू झाली आणि तिची नोंदणी १९३५ मध्ये झाली, असा दाखला देऊन 'आधी काम, मग कागद' म्हणणारे आजही भेटतात. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ती काढली तेव्हा १९५० चा कायदा नव्हता. आज ३ महिन्यांची मुदत आहे आणि ती पाळावी लागते.

तंटा झालाच तर तो धर्मादाय कार्यालयातून जिल्हा न्यायालयात आणि तिथून उच्च न्यायालयात जातो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे. ही सोय व्हायला काही दशकांचे आंदोलन लागले. ज्यांच्या घटनेत रिक्त जागेचे वाक्य नाही, त्यांनी तिथे जाण्याची वेळ येण्याआधी पुढच्याच सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा आणि सभेची नोटीस रीतसर काढावी.